आधी हाती लागलेले ससे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकमधल्या एका औषध प्रयोगशाळेत होतो. सशांच्या हृदयाच्या झडपेला मुद्दाम जंतुसंसर्ग करायचा, मग अर्ध्यांना जुनं प्रतिजैविक, अर्ध्यांना नवं टोचायचं आणि शेवटी झडपेत जंतू किती उरले ते बघायचं, हे माझं काम. ससे सांभाळायला मखमलाबादकडचे एक मामा होते. घरचा मळा, त्यामुळे त्यांच्या पिशवीत कोबीची पानं असायचीच.

पहिल्या फेरीत नवं औषध फारच सरस ठरलं. दुसऱ्या फेरीत प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी प्रत्येक सशासाठी चिठ्ठी काढून गट ठरवले, तर फरक जवळजवळ नाहीसाच झाला.

"पहिल्या वेळी कुणीतरी काहीतरी केलंय," सर माझ्याकडे बघत म्हणाले. मला मामांची पिशवी आठवली.

मग मी दाराआडून पाळत ठेवू लागलो. एकदा मामा एकाच सशाला पान भरवताना दिसले.

"मामा, त्यालाच का?"

"त्याला भूक हाय म्हणून. तुम्ही डबा खाता तवा मी इचारतो का?"

मला हसू आलं नाही. कोबीच्या पाल्यावर कीटकनाशकाची फवारणी असते, मामा तो ठरावीक सशांनाच चोरून देतात, असं मी सरांना सांगून आलो. पाहिलं होतं एकदाच. आठवड्याभरात मामांना कामावरून काढलं.

पुढच्या खेपेचे ससे मलाच बघावे लागले. पिंजऱ्यात हात घातला. तरतरीत ससे कोपऱ्यात पळाले, एक मरगळलेला समोरच बसून राहिला. माझा हात आपोआप त्याच्याकडे गेला आणि तिथंच थांबला. पहिल्या फेरीत जुन्या औषधाचा गट मी आधी भरला होता, तो असाच, हाताला येतील त्या सशांनी. म्हणजे आधीच जास्त आजारी असलेल्यांनी.

संध्याकाळी मळ्यात गेलो. मामा मेथीच्या जुड्या बांधत होते. सगळं सांगितलं.

"पळणारा ससा तुम्हाला धरता येत नव्हता, ते मी बघत व्हतो की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कवा इचारलं? तुम्ही नुसते दाराआडून बघायचे."

"मी सरांना सांगतो. परत घेतील तुम्हाला."

"आधी सांगा तर," मामा म्हणाले.

सांगितलं, पण माझी नोकरी कायम झाल्यावर, चार महिन्यांनी. तोवर मामांच्या जागी दुसरा माणूस आला होता.