शेवट सांगणारे सीडीआप्पा

सीडीआप्पा कधीही कुणाला सिनेमा पहिल्यापासून सांगत नसत. सुरुवात आणि मधला भाग तुम्ही पाहिलेला असणार, हे ते धरूनच चालत. लोक त्यांच्याकडे यायचे ते शेवट ऐकायला. तळोद्याच्या बसस्थानकामागे मंगलवहिनींची चहाची टपरी आहे. तिच्यासमोरच्या लाकडी बाकावर एक पाय दुमडून बसलेले आप्पा, हातात चहाचा ग्लास, आणि समोर चारपाच माणसं चिडीचूप. मी शिकवणीच्या वर्गात विज्ञान शिकवतो, बोलणं हाच माझा धंदा, पण माझ्यासमोर माणसं अशी कधी बसली नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा कुणी ठेवणार नाही.

वीसएक वर्षांपूर्वी गावातली केबल त्यांची होती. संध्याकाळी सात वाजले की ते आपल्या चॅनेलवर हिंदीत बोलणारा परदेशी सिनेमा लावायचे. सिनेमा दोन सीड्यांत यायचा, त्यावरून त्यांचं नाव पडलं. आवड एकच, अंतराळाची. यान, परग्रह, रोबो, यापलीकडे त्यांनी गावाला दुसरं काही दाखवलंच नाही. आठ वाजता, पहिली सीडी संपत आली की, भारनियमन सुरू व्हायचं आणि सिनेमा अर्ध्यात जायचा. मग आप्पा दुकानातल्या बॅटरीवर उरलेला सिनेमा एकटे पाहायचे आणि सकाळी बाकावर येऊन सांगायचे. आमच्या गावाने कितीतरी सिनेमे अर्धे डोळ्यांनी आणि अर्धे कानांनी पाहिले आहेत.

आप्पांची मतं अगदी थोडक्यात असत. परग्रहावरून येणाऱ्यांबद्दल त्यांची तक्रार होती, "इतला दूरथीन येतस अन उतरताच भांडाले लागतस. पहिले पानी तरी पेवानं." ते नेहमी परदेशातच का उतरतात, तळोद्याला का येत नाहीत, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्या तीनच जन शेतस. तितलामा जीप भरत नई." लोक हसायचे. मीही हसायचो, पण हसून झाल्यावर हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून दिवसभर चरफडायचो.

केबल बंद पडली, घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, मग मोबाइल आले. आप्पांनी दुकानात रिचार्जचा धंदा सुरू केला, पण बाक सोडला नाही. आता जुन्या सिनेमांचे दुसरे, तिसरे, सातवे भाग येऊ लागले, आणि सात भाग संपले की तीच गोष्ट नव्या नटांना घेऊन पहिल्यापासून. मला वाटलं, आता आपले दिवस आले. मी मोबाइलवर स्वतःचं चॅनेल काढलं. नव्या भागात कथानकाची पुनर्मांडणी कशी फसली, यावर मी शुद्ध मराठीत वीस मिनिटं बोललो. खाली एकच प्रतिक्रिया आली, तीही माझ्या चुलतभावाची. आवाज कमी येतोय, असं त्याने लिहिलं होतं.

त्याच सिनेमावर आप्पांनी गावातल्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला होता. "पहिला भागमा एक मानूस मरस, ते रडू येस. दुसरा भागमा आख्खी दुनिया मरस, अन आपले चहानी आठवन येस." संपलं. हा निरोप शहाद्याला गेला, अक्कलकुव्याला गेला, नवापूरहून माझ्या सासऱ्यांनी तो मलाच पाठवला. मेलेल्या नायकाला पुढच्या भागात जिवंत केलं तेव्हा ते म्हणाले, "मरेलले उठाडानं नई. मन्हं रडनं फुकट गयं ना." जुन्या गोष्टीचा नवा अवतार आला तेव्हा म्हणाले, "जुनं घर पाडीसन तठेच नवं बांधेल शे. रंग मस्त शे. पन चूल कोठे व्हती, हाई कोनी इचारं नई." माझ्या वीस मिनिटांत जे नव्हतं ते या तीन शेऱ्यांत होतं. माझ्या पोटात दुखायचं ते यामुळेच. ते चुकीचं बोलत असते तर मी त्यांच्यावर प्रेमच केलं असतं.

आणखी एक सल होता. बाकावरच्या प्रत्येकाला आप्पा भाऊ या अर्थाने 'भो' म्हणायचे. मला तेवढं 'सर' म्हणायचे. मी येताना दिसलो की सरकून जागा करायचे, वहिनींना माझ्या चहात साखर कमी टाकायला सांगायचे, आणि त्यांची चाललेली गोष्ट संपायची.

पण खरा मत्सर नानांमुळे होता. नाना म्हणजे माझे वडील. ते तळोदा-मोलगी रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचे. मी नाशिकला कॉलेजात असताना घाटात त्यांच्या जीपचा ब्रेक गेला. नानांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली, बाकी सगळे वाचले, एक तरुण मुलगा गेला. नानांची चूक नव्हती, सगळे तसंच म्हणाले. तरी नानांनी गाडी सोडली आणि बोलणंही सोडलं. माझा फोन आला की "जेवना का" एवढं विचारून आईकडे द्यायचे. असं वर्षभर चाललं.

एका शनिवारी मात्र ते फोनवर दहा मिनिटं बोलले. मला वाटलं, घरी काहीतरी झालं. झालं काहीच नव्हतं, ते मला सिनेमाचा शेवट सांगत होते. आप्पांनी केबलवर एक सिनेमा लावला होता. बिघडलेलं यान, आत झोपलेले प्रवासी, समोर बर्फाचा ग्रह, आणि एकटा जागा असलेला कप्तान. तिथे वीज गेली. पुढचं नानांनी बाकावर ऐकलं होतं. कप्तान यान बर्फाच्या डोंगराला घासत खाली आणतो. एक प्रवासी दगावतो. कप्तानाला वाटतं, आता लोक आपल्याला मारतील. पण दार उघडतं तेव्हा तिथली सगळी वस्ती उभी असते, कुणी काही विचारत नाही, आणि मेलेल्याची आई पुढे येऊन, दारी आलेल्या पाहुण्याला घालावं तसं, त्याच्या हातावर पाणी घालते. "हात धोवाले पानी दिधं तिनी," असं नाना दोनदा म्हणाले.

तो सिनेमा मी होस्टेलवर मित्राच्या कॉम्प्युटरवर पूर्ण पाहिला होता. त्यात असं काहीही नव्हतं. कप्तान प्रवाशांना वाचवतो आणि यानासकट जळून जातो. मी फोनवर त्यांना तसं सांगितलं नाही. मोठ्या मनाने नाही. नाना परत कधी इतकं बोलतील याची खात्री नव्हती म्हणून. पण फोन ठेवल्यावर जळून खाक झालो. माझा बाप वर्षाने माझ्याशी बोलला, तो दुसऱ्याचं ऐकून, आणि तेही धादांत खोटं. पुढच्याच महिन्यात नानांनी पुन्हा जीप घेतली. मी त्या दोन गोष्टी एकत्र जोडल्या नाहीत. रागात असलेल्या माणसाला हिशेब येत नाही.

गेल्या वर्षी नेमका तोच सिनेमा नव्याने आला. नवे नट, नवं यान, सगळं चकाचक. आम्ही दुपारच्या खेळाला नंदुरबारला गेलो. गाडी नानांची. आप्पा पुढे नानांच्या शेजारी, मागे मी, मंगलवहिनी आणि रूमल्यादादा. रूमल्यादादांचं गाव मणिबेलीच्या बाजूला नर्मदेकाठी होतं, ते धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर दादा इकडच्या पुनर्वसन वसाहतीत राहायला आले. सिनेमा बरा होता. शेवटी कप्तान जळून गेला, जुन्या सिनेमासारखाच.

परतताना गाडीने प्रकाशा गाव ओलांडल्यावर नाना म्हणाले, "शेवट बिघाडा त्यासनी." मागून मंगलवहिनी म्हणाल्या, "हा ना. जुना किती चांगला व्हता." रूमल्यादादांनीही मान हलवली. आप्पा खिडकीबाहेरचे पपईचे मळे पाहत होते. मी मात्र खूश होतो. वीस वर्षं थांबलेली वेळ आयती समोर आली होती.

टपरीवर चहा आला, आणि सगळे सवयीने आप्पांकडे पाहू लागले. आप्पा म्हणाले, "नवा शे. नवासना बी काही हक्क शे ना." मी म्हणालो, "आप्पा, शेवट बदललेला नाही. जुना शेवट हाच आहे. तुम्ही गावाला जो सांगितलात तो सिनेमात कधी नव्हताच." आणि मोबाइलवर जुना सिनेमा काढला, शेवटची बारा मिनिटं लावली आणि त्यांच्या हातात दिला. हे सगळं मी नानांकडे बघत केलं. मला त्यांना दाखवायचं होतं, आप्पा काय लायकीचे आहेत ते.

आप्पांनी चष्मा पुसला. पूर्ण बारा मिनिटं, मध्ये एकदाही मान न उचलता, त्यांनी तो शेवट पाहिला. चहावर साय आली. मग दोन्ही हातांनी मोबाइल मला परत केला. "चांगला शे, सर. आज पहिल्यांदाच देखा," एवढंच म्हणाले, आणि टोपी घालून घरी गेले. नानांनी मला घरी येईपर्यंत एक शब्द बोलू दिला नाही. दारात चपला काढताना त्यांनी विचारलं, "बरं वाटनं का तुले?" खरं उत्तर द्यायचं तर, त्या बारा मिनिटांत फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो तर मंगलवहिनी एकट्याच होत्या. त्यांनी चहा दिला, साखर नेहमीसारखी कमीच घातली. म्हणाल्या, "सर, त्या पिच्चरनी दुसरी सीडी फुटेल व्हती. मन्हा समोर त्यासनी डबी उघाडी. मले पहिला दिनथीन माहीत शे."

मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. त्या सकाळी बाकावर गर्दी नव्हती. लोक एकेक करून आले आणि पुढे काय झालं म्हणून विचारत राहिले. सीडी फुटली म्हणायला आप्पांची जीभ उचलेना. त्यांनी समोर असेल त्या माणसाकडे पाहून शेवट सांगितला. नानांना सांगितला तो मला ठाऊक होता. रूमल्यादादांना त्यांनी सांगितलं, कप्तान यान वळवून आपल्या बुडालेल्या ग्रहाकडे नेतो, पाणी ओसरलेलं असतं आणि दारातलं मोहाचं झाड तसंच उभं असतं. "परदेशी पिच्चरमा महूनं झाड कसं, हाई त्यासनीबी इचारं नई," वहिनी म्हणाल्या. वहिनींचा नवरा कामाला म्हणून गुजरातेत गेला तो आलाच नाही. त्यांना आप्पांनी सांगितलं होतं, कप्तान जिवंत आहे, त्याचा निरोप निघालेला आहे, अंतरच इतकं आहे की पोचायला वर्षं लागतात. विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगतो, यात चूक काढता येत नाही.

"मंग आम्ही तिन्ही एकदाव बोलत बसनूत, तव्हय समजनं, तिन्हीसना शेवट अलग शे," वहिनी म्हणाल्या. "कोनीच काही बोलनं नई. ज्याना त्यानी आपला ठेवा." मी विचारलं, मला हे कधी कुणी का सांगितलं नाही. वहिनींनी भांडं विसळता विसळता सहज सांगितलं, "तुम्ही कधी इचारं नई ना."

म्हणजे मी वीस वर्षं ज्याचा खोटेपणा उघडा पाडायला टपलो होतो, तो सगळ्यांना ठाऊक होता आणि हवा होता. आप्पांचं काहीच गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना नेहमीच्या वेळेला बाकावर जाऊन बसले, रूमल्यादादाही आले. फरक पडला तो माझ्यापुरता. मी गेलो की आप्पा आता पावसापाण्याचं बोलायचे, रस्त्याच्या कामाचं बोलायचे, माझ्या वर्गाची चौकशी करायचे. सिनेमाचा विषय माझ्यासमोर त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यात राग नव्हता. राग असता तर मला समजूत तरी काढता आली असती.

दिवाळीनंतर त्यांचे डोळे फारच अधू झाले आणि मुलाने त्यांना सुरतेला न्यायचं ठरवलं. सोडायला नाना जाणार होते. मी सामान ठेवायला गेलो. सीड्यांचा खोका मीच उचलून मागे ठेवला. नाना हवा बघायला चाकाशी वाकले होते, तेवढ्यात मी आप्पांजवळ गेलो आणि माफी मागितली. ते म्हणाले, "काय सर, इतलूसं." मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. त्या सकाळी मी गावात असतो, बाकावर येऊन पुढे काय झालं म्हणून विचारलं असतं, तर तुम्ही मला कोणता शेवट सांगितला असता?

आप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं. जेवढं दिसत होतं तेवढं पाहिलं. कपाळाला आठ्या घालून ते बराच वेळ खरोखर विचार करत राहिले, आणि मी या वयाला जीव मुठीत धरून उभा राहिलो. मग त्यांनी मान हलवली. "तुम्हले काय सांगू, सर? तुम्ही ते देखेल शे."

नानांनी त्यांना हात धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी काढली. रस्त्याच्या वळणापर्यंत मला मागच्या काचेतून दिसत होतं, नाना एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसरा हात हलवत काहीतरी बोलत होते आणि आप्पा ऐकत होते. तळोद्याहून सुरत चांगली चार तासांवर आहे. नाना परत आल्यावर मी त्यांना विचारलं, काय बोललात एवढं. ते म्हणाले, "काही नई. जेवना का तू?"