गच्चीवरचा ससाणा आणि आमचे हे

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. सख्ख्या भावाने शिडी नेली आणि एक पायरी मोडून परत आणली, म्हणून त्याच्याशी नऊ वर्षं अबोला. मी तोंडावर म्हणते, "डूख धरावा तर तुम्हीच. साप परवडला."

असा हा माणूस कबुतरांपुढे मात्र लोणी. गच्चीवर लिफ्टच्या मशीनखोलीला टेकून यांनी खुराडं बांधलंय. सकाळी कबुतरं सोडायची, संध्याकाळी बोलवायची आणि शेवटचं आत गेलं की दोरी ओढून दाराची फळी पाडायची. पंचवीस वर्षांचा नेम. हे कामावर अडकले तर फळी मी पाडायची.

उन्हाळ्यात एक ससाणा आला आणि यांची निळी उचलून घेऊन गेला. निळी म्हणजे यांचा जीव की प्राण. ती आजारी होती तेव्हा हे तिला शर्टात घालून कामावर न्यायचे. मी समजूत काढली, "पाखरूच ते. त्यालाही पोट आहे."

"त्याला मी या हातांनी धरणार," हे म्हणाले.

झालं. पुढे दोन महिने डब्याच्या पिशवीत दुर्बीण. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर मान वर करून बसायचे ते जेवायलाच खाली यायचे. "लग्नात माझ्याकडे तरी इतकं बघितलं होतंत का?" मी विचारलं, तर हसलेसुद्धा नाहीत. मला वाटायचं, माणसाला वेड लागलं.

मग त्या गुरुवारी यांना उशीर होणार होता. कुठल्या तरी इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. मी वर गेले. मला यांच्यासारखी शीळ येत नाही, मी ताटली वाजवते. सात उरली होती, त्यातली सहा मुकाट्याने आत गेली. सातवी पांढरी गच्चीच्या कठड्यावरून येत होती, तेवढ्यात तिच्यामागे तो आला.

पांढरी येऊन माझ्या छातीवर आदळली. ससाण्याचा पंख थोबाडीत मारावी तसा गालावर बसला आणि नखाने माझा कान फाडला. हातभर अंतरावर त्याचा डोळा होता, काळाभोर, पिवळ्या कडेचा. मला बघून तो घाबरलासुद्धा नाही. मी त्याच्या लेखी खांब होते. पांढरी धडपडत खुराड्यात शिरली आणि तो तिच्या पाठोपाठ आत.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सांगता सोय नाही. निळी आठवली, कानातून रक्त येत होतं आणि हा मेला आमच्याच घरात शिरला होता. "सापडलास," म्हटलं आणि दोरी ओढली. फळी धाडकन पडली. तेव्हा झालेला आनंद मी लपवत नाही. पदराने कान दाबला आणि यांना फोन लावला.

"अहो, तुमचा चोर कोंडलाय मी. आत गेला आणि फळी पाडली. या लवकर, काय करायचं ते करा."

यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "आणि आपली कुठे आहेत?"

आतली धडपड मला कधीची ऐकू येत होती. मी समजत होते, तो सुटायला बघतोय.

फोन तसाच टाकून धावले. फळी पाडायला सोपी, उचलायला दोन्ही हात लागतात. एका हाताने उचलू गेले आणि ती परत पडली. दुसऱ्यांदा वर केली आणि अडसर घातला. काही कबुतरं त्याने फाडली होती, काही भिंतीवर आपटून मेली होती. पांढरीवर पाय रोवून तो बसला होता. यांची काठी दाराशीच होती. मी ती उचललीही. एक फटका पुरला असता. पण कोपऱ्यात दोन जिवंत होती, एकमेकांत डोकी खुपसून थरथरत. नेम चुकला असता तर तो पुन्हा त्यांच्यात घुसला असता. मी काठी खाली ठेवली आणि बाजूला सरकून त्याला वाट दिली. तो सावकाश बाहेर आला, कठड्यावर टेकला आणि उडून गेला.

हे आले तेव्हा मी मेलेली पाचही चादरीवर ठेवली होती. यांनी एकेकाला उचललं, पंख नीट मिटले. फळीकडे गेले, दोरी हातात धरून बघितली.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "बोला ना काहीतरी. शिव्या घाला."

हे वळून माझ्याकडे बघत राहिले. दोन महिने आभाळाकडे बघायचे ना, अगदी तसं.