शिशाचा हत्ती

वसईत आमच्याजवळ फोटो स्टुडिओ चालवणारे काका गिऱ्हाइकाला कधी ‘हसा’ म्हणत नाहीत. ते माणसाला हलवत नाहीत, दिवा हलवतात. कॅमेऱ्यासमोर अवघडणाऱ्या माझ्यासारखीला ते बरं वाटतं. पासपोर्टच्या फोटोसाठी मी त्यांच्याकडेच जाते.

मागच्या महिन्यात मात्र मी बाबांचं नाणं घेऊन गेले. सोपाऱ्याजवळ सापडलेलं, प्राचीन, शिशाचं. त्यावर हत्ती आहे, असं बाबा शेवटपर्यंत सांगायचे. आम्हाला तो कधीच दिसला नाही. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये तर नुसती करडी चकती दिसायची. “असेल त्यांच्या मनात,” आई म्हणायची. तिला दाखवायला मला एक फोटो हवा होता.

“चिंचेनं घासलं नाहीस ना, बाय?” काकांनी आधी विचारलं.

“आई घासणार होती. मी लपवलं.”

“शहाणी.”

त्यांनी ट्यूबलाइट बंद केली आणि छोटा दिवा नाण्याच्या खालच्या कडेला, अगदी आडवा धरला. नाण्यात एक खड्डा दिसला.

“इथून सगळं उलटं दिसतं,” म्हणत त्यांनी दिवा सावकाश फिरवत वर डावीकडे नेला. खड्ड्याचा उंचवटा झाला. आधी पाठ दिसली, मग पाय, मग सोंड.

मी वाकून बघतच राहिले. काकांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. हात अवघडला तरी दिवा तसाच धरून ठेवला.

“बघ हवं तेवढं,” ते म्हणाले. “फोटो काय, नंतर काढू.”