विशाखापट्टणमला काय बघाल? मला विचारा!

खोटं कशाला बोलू? ज्या गावात मी कधी पाय ठेवला नव्हता, त्या गावात काय काय बघावं हे मी कित्येक वर्षं लोकांना हातवारे करकरून सांगत होते. आणि गंमत म्हणजे लोक माझं ऐकून खरंच तिकडे जात होते!

कोथरूडमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत मी काउंटरला बसते. तिकीट गिऱ्हाईक घेऊन जातं, पण त्याचा किस्सा आमच्याकडेच राहतो. असे इतके साठलेत की दिवाळीच्या साफसफाईत काढायचे म्हटले तर टेम्पो लागेल.

त्यात ते दिवस असे, की घराघरातली पोरं आयटीत चिकटली होती आणि आईवडिलांना फिरायला पाठवायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. पोरगा अमेरिकेतून इंटरनेटवर बुकिंग करायचा आणि वडील आमच्याकडे येऊन हळूच विचारायचे, "हे खरं आहे का, जरा बघता का?"

आमचे मालक जयंतराव. कोकण झालं, गोवा झालं, आता पुणेकरांना नवीन समुद्र दाखवायचा म्हणून त्यांनी विशाखापट्टणम शोधून काढलं. मी माहितीपत्रक पाठ केलं आणि सुरू झाले. पाणबुडीचं म्युझियम, कैलासगिरीचा रोपवे, बोरा गुहा, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, "आणि संध्याकाळी समुद्रावरचा सूर्यास्त! तो चुकवायचा नाही हं."

हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं. माहितीपत्रकात नव्हतं.

*

एकदा लिमये काका आले. बँकेतून रिटायर झालेले, हातात कापडी पिशवी. मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. सकाळी हे, नंतर ते, दुपारी गुहा, संध्याकाळी बीच. माझ्याच बोलण्यावर मी इतकी खूश झाले होते की मलाच जावंसं वाटायला लागलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण मग आम्ही झोपायचं कधी?"

मी म्हटलं, "अहो काका, रात्री!"

"रात्रीचं मी विचारलेलंच नाही," काका म्हणाले. "दुपारचं विचारतोय."

त्या दिवसापासून आमच्या सगळ्या टूरमध्ये एक ते चार 'विश्रांती' आली. ती आजतागायत आहे.

*

मग आमच्याच बिल्डिंगमधला चिन्मय. त्याला कंपनीनं प्रोजेक्टसाठी विशाखापट्टणमला पाठवलं. पहिल्यांदाच चालला होता. जाताना घाईघाईत आला, "काकू, पटकन टॉप फाइव्ह सांगा ना, वीकेंडला कव्हर करतो."

मी पाचाच्या जागी दहा सांगितली. त्यानं सगळी मोबाइलमध्ये टिपून घेतली. त्याच्या आईलाही धन्य वाटलं.

तीन महिन्यांनी परत आला. मी उत्सुकतेनं विचारलं, काय काय बघितलंस? तर म्हणाला, त्यांच्या ऑफिसच्या कँटीनमधून समुद्र दिसतो.

"आणि जवळून?"

"काच उघडत नव्हती काकू."

*

एका दिवाळीनंतर जयंतरावांनी मला आत बोलावलं. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींचा ग्रुप विशाखापट्टणमला निघाला होता, त्यात ते झोपेवाले लिमये काका आणि काकूही होत्या. हा ग्रुप खूश झाला तर पुढच्या वर्षीची त्यांची केरळ टूरही आपलीच. आणि टूर लीडर म्हणून कोण? तर मी!

"तुम्हाला काय, तळहातासारखं माहीत आहे ते गाव," जयंतराव म्हणाले.

मला काउंटरवरून उठायचंच होतं हो. पासपोर्टचे फोटो चिकटवून चिकटवून बोटांना कायमचा डिंक लागला होता. ही टूर नीट झाली तर केरळही मला मिळणार होती, आणि बिघडली तर मी आणि डिंक. तेव्हा 'मी ते गाव बघितलेलंच नाही' हे वाक्य मी चहाबरोबर गिळून टाकलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याला माझं दिशाज्ञान माहीत आहे. लक्ष्मी रोडवरच्या दुकानातून बाहेर पडले की मी हमखास उलट्या बाजूला चालायला लागते.

तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "रस्ता चुकला तर विचारणार कोणाला? तिकडे सगळे तुलाच विचारणार."

*

निघायच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. तिथे ग्रुपचे पुढारी कांबळे काका भेटले. कलेक्टर कचेरीतून रिटायर झालेले, बोलणं मोजकं, इस्त्री कडक. त्यांनी कार्यक्रम वाचला आणि विचारलं, यात थोटलाकोंडा कुठे आहे?

थोटलाकोंडा म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरचा जुना बौद्ध विहार. कांबळे काकूंना तो बघायचाच होता, खरं तर त्यासाठीच दोघं येत होते. आणि मी शहाणीनं नेमका तोच कापून तिथे शॉपिंग घातलं होतं.

मी सारवासारव केली. म्हटलं, "काका, तिथे आता नुसत्या विटांचे चौथरे उरलेत हो. आत काहीच नाहीये."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"शनिवारवाड्यात काय आहे?"

सगळा हॉल हसला. शॉपिंग गेलं, थोटलाकोंडा आला.

*

पहिला दिवस दणक्यात गेला! म्हणजे मी रिक्षावाल्यांना खुणेनं विचारत होते आणि ग्रुपला वाटत होतं की मला तेलुगू येतं. पाणबुडीच्या म्युझियममध्ये तर माझी पाठ केलेली माहिती अशी धडाधड बाहेर पडली की दुसऱ्या ग्रुपमधले लोकही मागे उभे राहून ऐकायला लागले.

फक्त लिमये काकू पुढे सरकेनात. पाणबुडीच्या स्वयंपाकघरापाशी त्या खिळल्या होत्या. कपाटाएवढी जागा, त्यात शेगडी, त्यात भांडी. मागे रांग खोळंबली. त्यांनी मला विचारलं, या एवढ्याशा जागेत सगळ्या बोटीचं जेवण व्हायचं का? मी म्हटलं, हो, दोन्ही वेळचं.

काकूंनी काकांकडे वळून सांगितलं, "फोटो काढा. सुनेला दाखवायचाय."

*

आणि मग ती संध्याकाळ आली.

पाचच्या आधीच मी सगळ्यांना बीचवर नेलं. वाळूत सतरंज्या घातल्या, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. चुरमुऱ्यांचे पुडे वाटले. लिमये काकांनी कॅमेरा काढून समुद्रावर नेम धरला. मी पुढे उभी राहून म्हणाले, "आता बघा हं, थोड्याच वेळात लाल गोळा पाण्यात उतरणार!"

आम्ही बघत बसलो. समुद्र छान होता. लाटा छान होत्या. उजेड मात्र कमी कमी व्हायला लागला, आणि लाल गोळ्याचा पत्ताच नाही. मला वाटलं, ढग असेल. आकाश तर लख्ख!

लिमये काकांनी कॅमेरा खाली घेतला. "बाई, माझ्या टकलाला मागून ऊन लागतंय."

सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. मागे हॉटेलांची रांग, त्यावर पाण्याच्या टाक्या, आणि त्यातल्या एका टाकीमागे आमचा सूर्य निवांतपणे मावळत होता.

अहो, जन्मात आपण समुद्र बघतो तो अलिबागचा, दापोलीचा, गणपतीपुळ्याचा. समुद्र म्हटलं की त्यात सूर्य बुडणारच, हे आपल्या रक्तातच आहे! हा समुद्र देशाच्या दुसऱ्या बाजूला आहे हे मला नकाशात माहीत होतं. वाळूत माहीत नव्हतं. आणि हा सूर्यास्त मी आजवर किती जणांना विकला होता, देव जाणे!

चुरमुऱ्यांचा तेवढा आवाज. मला समोर केरळ बुडताना दिसत होतं, अगदी लाल गोळ्यासारखं.

कांबळे काका उठले, पँटची वाळू झटकली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, इथे सकाळी यायचं असतं."

मी लगेच वळले आणि टाळी वाजवून जाहीर केलं, "आणि उद्या पहाटे आपला खास कार्यक्रम! समुद्रातून सूर्योदय!" जणू काही हे सहा महिन्यांपासून ठरलेलं होतं.

*

पहाटे सगळे आले. कानटोप्या, मफलर, लिमये काकांचा स्वेटर. विशाखापट्टणमला थंडी नव्हतीच, पण डिसेंबर म्हणजे डिसेंबर.

आणि काय सांगू! पाण्याच्या रेषेवर आधी नुसती लाली आली, मग नखाएवढी कड, आणि मग तो चक्क समुद्रातून वर यायला लागला! आपण त्याला कायम जाताना बघितलेलं, हा येत होता! लिमये काकूंनी हात जोडले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळेच वाजवायला लागले, अगदी नाटकात पडदा उघडल्यावर वाजवतात तशा. मी तर लहान पोरीसारखी उड्या मारत होते. टूर लीडर आहे हे साफ विसरले.

तिथून थोटलाकोंड्याला गेलो. टेकडीवर वारा, विटांचे गोल चौथरे, आणि खाली तोच समुद्र चमचमत पसरलेला. कांबळे काकू स्तूपासमोर बसल्या, डोळे मिटले. ही जागा मी शॉपिंगसाठी कापली होती!

काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, इथे तुम्ही आधी आला होतात कधी?"

आता त्या जागी खोटं कसं बोलणार? म्हटलं, "नाही काका. या गावातच पहिल्यांदा आलेय."

त्यांनी नुसती मान हलवली. आणि नेमका तेव्हाच माझा मोबाइल वाजला. जयंतराव!

टूर कशी चाललीय, असं त्यांनी मला विचारलंच नाही. म्हणाले, "जरा कांबळे साहेबांना द्या."

मी फोन दिला. काका चार पावलं बाजूला गेले. वाऱ्यानं मला एक अक्षर ऐकू येईना. काका दोनदा 'हं' म्हणाल्यासारखे दिसले, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा समुद्राकडे. मग बरंच काहीतरी बोलले. माझ्या बोटांना डिंक लागल्यासारखा वाटायला लागला.

ते परत आले आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"काका, काय सांगितलंत?"

"केरळला बाईच पाहिजेत म्हटलं. तिकडे सूर्य तुमच्या सवयीच्या बाजूला आहे."