चंपी अस्वलिणीचा परवाना

सर्कशीच्या भटारखान्यात मी नऊ वर्षं भाकऱ्या थापल्या. चुलीपाशी कुणी मीठ मागायला येतं, कुणी रडायला, आणि जाताना एकेक गोष्ट टाकून जातं. अशा पुष्कळ साठल्यात. लोक ऐकून हसतात. मला अजून हसू येत नाही.

*

दरवर्षी दिवाळीनंतर पनवेलच्या मैदानात तंबू पडायचा. चंपी अस्वलीण ढोलावर दोन पायांवर नाचायची, आणि लोक पोट धरून हसायचे. पहिल्या वर्षी मीही हसले!

मग एका सकाळी तंबूमागे गेले. खाली निखारे, वर तापलेला पत्रा, पत्र्यावर चंपी, शेजारी ढोल. विसरू नये म्हणून आठवड्याला एकदा ही उजळणी. तिला शिकवणाऱ्या मास्तरांना मी विचारलं, नाच असा शिकवतात?

"नाच कुठला, काकू," मास्तर म्हणाले. "ढोल वाजला की तिला पत्रा आठवतो."

*

ढोल वाजवायला पनवेलजवळच्या कोन गावचा गोमा होता. बिचाऱ्याला पत्र्याचं ठाऊक नव्हतं. सकाळची उजळणी मास्तर स्वतः घ्यायचे. एकदा दुपारी खेळ नव्हता, म्हणून तो आपला सहज वाजवत बसला. मैदानात चिटपाखरू नाही, आणि पिंजऱ्यात चंपी उठून नाचतेय. तो माझ्याकडे धावत आला. मी सगळं सांगितलं.

"आमी आता वाजवणार नाय," म्हणाला आणि ढोल माझ्या पिठाच्या डब्यावर ठेवून चालता झाला. दुसऱ्या दिवशी मालकशेठनी दुसरा ढोलवाला आणला. तो जास्त जोरात वाजवायचा.

*

गावातले एक वकील भूतदयेवर भाषणं द्यायचे. एकदा ते सर्कशीत आले, तर मी त्यांना बाजूला घेऊन पत्र्याची हकिकत सांगितली. त्यांनी डोळे मिटले. शिव शिव म्हणाले. मला वाटलं, आता काही तरी होईल.

डोळे उघडून म्हणाले, "काकू, पुढच्या रांगेचे चार पास मिळतील का? मुलांना चंपी फार आवडते."

*

मग नवा कायदा आला. खेळातल्या जनावरांची नोंद करायची. कोणतं जनावर, काय खेळ, सगळं लिहून द्यायचं, मग सरकारी परवाना. शेठना वाटलं, जे जे कागदावर येईल ते ते सरकारला मान्य. म्हणून काही सुटायला नको!

माझी शाळा चौथीपर्यंतची, पण अक्षर बरं. मला बसवलं लिहायला. मास्तर सांगत गेले: पत्रा किती तापवायचा, पाय किती वेळ ठेवायचे, पाय उचलला नाही तर सळई कुठे लावायची. मी एक शब्द गाळला नाही. म्हटलं, वाचू दे सरकारला!

महिन्याभरात शिक्क्यासकट परवाना आला. कुणी वाचलंच नव्हतं. शेठनी तो काच लावून तिकिटाच्या खिडकीवर टांगला.

*

मग मी पोलीस चौकी धरली. पहिल्या तीन खेपांना फौजदारांनी मला चहा पाजून परत पाठवलं. चौथ्या खेपेला म्हटलं, चहा नको, तुमच्याच सरकारच्या दप्तरातला तो कागद मागवून वाचा. त्यांनी मागवला, वाचला, आणि खटला उभा राहिला. चंपीचा खेळ कोर्टाने पहिल्याच तारखेला बंद केला. पण निकालाआधी काय झालं ते ऐका.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी कागद मनातल्या मनात वाचला. मग शेठना विचारलं, हे तुम्हीच लिहून दिलंत?

शेठ टोपी सावरून म्हणाले, "होय साहेब. एक अक्षर खोटं नाही."

साहेबांनी कागद उलटा केला. मागे तळहाताएवढा काळा डाग होता. "हे काय?"

"चंपीचा अंगठा, साहेब," शेठ म्हणाले. "आमच्याकडे कलाकाराच्या संमतीशिवाय काही होत नाही."