दाजी आणि जिल्ह्याचा खोकला

जालना जिल्ह्यात कुठंही कुणी खोकलं की आमच्या दाजींना ऐकू जातं, असं माझं पक्कं मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. क्षयाचे रोगी सहा महिने नेमानं गोळ्या घेतात की नाही, हे घरोघर जाऊन पाहायची त्यांची नोकरी. गोळ्या आपल्या सरकारच्या. दाजींचा पगार आणि मोटारसायकल मात्र कुठल्याशा परदेशी सरकारच्या मदतीतून आलेली. माणूस एका जागी म्हणून टिकायचा नाही. चहा उभ्यानं, जेवण दोन फोनांच्या मधे, आणि बोलताना नजर समोरच्याच्या छातीवर. माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडायच्या आत त्यांनी नवरदेवाच्या काकांना मांडवामागं नेलं आणि बेडक्याची डबी हातात दिली. "किती दिवसांपासून खोकून राह्यले तुम्ही? यात थुंका बरं जल्दी." काका रुसले, पंगतीला बसेनात. आठवड्यानं तपासणीत क्षय निघाला. आज ते ठणठणीत आहेत आणि सणासुदीला आम्हाला विसरले तरी दाजींना फोन करतात.

मग एके सकाळी बातमी आली की त्या परदेशी सरकारनं मदत थांबवली. दुपारपर्यंत ऑफिसला कुलूप लागलं, मोटारसायकल जमा झाली. धीर द्यायला म्हणून पाचव्या दिवशी मी गेलो, तर दाजी बूट घालत होते.

"कुठं निघाले?"

"परतूरला. सरूबाईचे चार महिने झाले. आता गोळ्या सोडल्या तर बिमारी चिवट होते, मंग साध्या गोळ्यांना ऐकत न्हाई."

"पण काम तर बंद झालं ना?"

"तिकडून पैसे बंद झाले. हिचा खोकला कुठं बंद झाला?"

मीही एसटीत चढलो. सरूबाई कापसाच्या जिनिंगवर कामाला जाणारी, एकटी बाई. तिनं चार दिवस गोळ्या घेतल्याच नव्हत्या.

"तुमचं ऑफिस बंद झालं म्हणे," ती म्हणाली. "मला वाटलं, वरूनच हुकूम आला, आता बास."

दाजी तिच्या उंबऱ्यावर टेकले. रागावले नाहीत. पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत बघत राहिले. पुढचे दोन महिने ते एसटीनं येत-जात राहिले. ती विचारायची, "आता कशापायी येता भाऊ?" दाजी म्हणायचे, "इकडंच काम होतं."

शेवटच्या तपासणीच्या दिवशी मी कचेरीत होतो. फोन वाजला.

"सरूबाईचा रिपोर्ट आला," दाजी म्हणाले. "बिलकुल साफ."

असे रिपोर्ट ते आजवर ऑफिसात कळवत. आता कळवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, हे माझ्या जरा उशिरानं ध्यानात आलं. त्यांना काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी विचारलं, "जेवले का?"

"जेवतो," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही.