बर्गेनला पाऊस जास्त की ग्लासगोला?

आम्ही परदेशात नोकरीला आहोत त्या बॉथेलमध्ये, घरून एकेक पदार्थ आणून जेवायच्या पॉटलकला, मित्रांनी पुन्हा युरोप ट्रिपचा विषय काढला आणि माझं डोकं फिरलं. बर्गेनला पाऊस जास्त की ग्लासगोला, यावर फोन काढून भांडत होते. म्हणे, इथल्या रिपरिपीला कंटाळलोय, कोरडं शहर निवडू! अरे, पण जाणार कोण? बाहेर गेल्यावर परत यायच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर इथली नोकरी जाईल, या धास्तीनं आम्ही कुणीच या देशाबाहेर पाऊल टाकत नाही. दरवर्षी ट्रिप ठरवायची, दरवर्षी कॅन्सल करायची.

"तुझ्या आंबोलीपुढे बर्गेन कसं रे?" एकानं हसत विचारलं.

"पासंगालाही पुरणार नाही!" मी ओरडलो. "आंबोलीच्या पावसात माझ्या बाबांची चिता पेटत नव्हती. ते मी इथे बसून फोनवर बघितलंय."